उपकार कोणाचे मानायचे?



यंदा 26 नोव्हेंबर गुरुवारी येतो आहे. तो नोव्हेंबरचा चौथा गुरुवार असल्यामुळे इथे अमेरिकेत त्याच दिवशी थँक्सगिव्हिंगही आहे. याआधी 2009, 2015 आणि 2020 साली असा योग आला होता. इथे राहणाऱ्या मराठी बौद्धांच्या वाट्याला त्यामुळे एकाच तारखेला तीन गोष्टी येतात. 1949 साली याच दिवशी संविधान सभेने भारताचे संविधान स्वीकारले. 2008 साली याच दिवशी रात्री मुंबईवर हल्ला झाला आणि 166 माणसे मारली गेली. आणि तिसरी म्हणजे इथली रीत: घरची माणसे आणि मित्र टेबलाभोवती बसतात आणि जेवणाआधी प्रत्येक जण आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगतो.

कार्यक्रमाची आखणी करताना आपल्यातल्या एका तरुण सभासदाने प्रश्न विचारला. प्रास्ताविकेचे वाचन ठीक, आदरांजली ठीक, पण त्यानंतर लगेच जेवायला बसून "माझं कुटुंब सुखरूप आहे, मी आभारी आहे" असे म्हणणे जरा निलाजरेपणाचे नाही का? ज्यांची माणसे त्या रात्री घरी परतली नाहीत, त्यांच्यासमोर आपण हे वाक्य उच्चारू शकू का?

प्रश्न बरोबर आहे, आणि तो फक्त मुंबईपुरता नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावी 1970 पासून थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी इथले मूलनिवासी राष्ट्रीय शोकदिन पाळतात. पाहुणे म्हणून आलेल्यांची भरलेली ताटे आणि स्वतःच्या हिरावल्या गेलेल्या जमिनी त्यांना एकत्रच आठवतात. कोणाच्या तरी पडझडीवर उभे राहून आपले कुशल साजरे करणे ही काय चीज आहे, हे आपल्या समाजाला निराळे समजावून सांगायला नको.

तरीही माझे मत असे आहे की त्या दिवशी कृतज्ञता व्यक्त करावी. फक्त ती कशाबद्दल आणि कोणाबद्दल, हे आधी नीट तपासून घ्यावे. कारण आपण जिला कृतज्ञता म्हणतो, ती बऱ्याचदा नुसती सुटका असते.

माझ्या घरचेच सांगतो. 2008 साली दादा फोर्टमधल्या एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात होता. राहायला बेलापूरला. महिनाअखेर जवळ आली की त्याला उशीर व्हायचा, आणि सीएसटीवरून तो साडेनऊच्या आसपासची हार्बर लोकल पकडायचा. हल्ला सुरू झाला तोही साधारण साडेनऊलाच. त्या दिवशी मात्र तो दोन तास आधी निघाला होता. घरी पोचून जेवत असताना त्याने टीव्हीवर बातमी पाहिली. इकडे बुधवारची सकाळ होती, अकरा वाजून गेले होते, ऑफिस सुट्टीच्या आदल्या दिवसासारखे निम्मे रिकामे. मला फोन लागेपर्यंत दीड तास गेला. त्या दीड तासाबद्दल लिहीत नाही. तो तुमच्यापैकी अनेकांनी काढला आहे.

फोन लागला तेव्हा आई म्हणाली, "भगवंताची कृपा रे बाबा." मागून बाबांचा आवाज ऐकू आला, "कृपा कसली? बुद्ध काय कृपा करत बसतो का? आणि ज्यांना गोळ्या लागल्या त्यांच्यावर कुणाचा कोप होता?"

बेस्टमध्ये तीस वर्षे कंडक्टरकी केलेल्या माणसाने एका वाक्यात सगळा प्रश्न मांडला होता. माझा भाऊ वाचला ती कृपा मानली, तर स्टेशनच्या मोठ्या हॉलमध्ये गावाकडच्या गाडीची वाट पाहत, बोचक्यांना टेकून बसलेल्या माणसांवर ती का झाली नाही, याचे उत्तर द्यावे लागते. त्या स्टेशनात 50 हून अधिक माणसे गेली. त्यांची चूक काय होती? कृपेचा हिशेब असा मांडायला गेले की तो उरलेल्यांचा अपमान होऊन बसतो. म्हणून त्या तरुण सभासदाला जे खटकले ते खरेच खटकण्यासारखे आहे. "आमचे वाचले" हे वाक्य आनंदाचे आहे, साहजिक आहे, आणि ते म्हणताना कोणाला लाज वाटायचे कारण नाही. पण ती सुटकेची भावना झाली. तिला कृतज्ञता म्हणू नये.

कृतज्ञ या शब्दातच "कृत" आहे. कोणीतरी काहीतरी केलेले असावे लागते आणि ते आपण जाणावे लागते. पालीत हाच शब्द कतञ्ञू. अंगुत्तर निकायाच्या दुक निपातात भगवंतांनी जगात दुर्मीळ अशी दोन माणसे सांगितली आहेत. एक पुब्बकारी, म्हणजे कोणी आपल्यासाठी काही केलेले नसतानाही आधी होऊन करणारा. दुसरा कतञ्ञू कतवेदी, म्हणजे केलेले जाणणारा आणि ते जाणतो हे कृतीतून दाखवणारा. या जोडीत नशिबाला जागा नाही, दैवाला नाही, वरून बघणाऱ्या कोणालाही नाही. एका माणसाने केले, दुसऱ्याने जाणले, एवढाच व्यवहार.

मग दादाच्या बाबतीत कोणी काय केले होते? हे आम्हाला चार दिवसांनी कळले. त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने त्याला सांगितले होते, "वहिनींना बरं नाही ना? तू जा, हिशेब मी मिळवतो." ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ऑफिसातच अडकून पडले, शटर ओढून, दिवे मालवून.

इथे एक बारकावा आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. त्यांनी दादाचा जीव वाचवला असे म्हणता येईल का? त्यांना पुढचे काही ठाऊक नव्हते. धम्मात कर्म म्हणजे चेतना, म्हणजे करणाऱ्याचा हेतू. त्यांचा हेतू एका सहकाऱ्याला लवकर घरी पाठवण्याचा होता. तेवढेच त्यांचे कर्म. पुढे जे टळले तो योगायोग. पण म्हणून उपकार लहान होत नाही. उलट, त्या संध्याकाळी मुंबईत काहीही घडले नसते, तरी दोन तास जास्त बसून दुसऱ्याचे काम ओढणारा माणूस तेवढ्याच कृतज्ञतेला पात्र होता. फक्त आम्ही ती व्यक्त केली नसती. दादाने "थँक्स हां" म्हटले असते आणि विषय संपला असता. आपल्या आयुष्यात असे किती हिशेब किती जणांनी मिळवून दिले असतील, आणि त्या त्या रात्री सुदैवाने काही घडले नाही म्हणून आपल्याला त्यांची आठवणही नाही.

त्या रात्री ज्यांना पुढचे दिसत होते, आणि तरी ज्यांनी केले, ते तर पुब्बकारीच. विष्णु झेंडे हे सीएसटीवर लोकल गाड्यांची घोषणा करणारे रेल्वेचे कर्मचारी. रोज "पुढील लोकल अमुक प्लॅटफॉर्मवर" सांगणारा आवाज. गोळीबार सुरू झाल्यावर ते केबिन सोडून पळाले नाहीत. येणाऱ्या गाड्यांतून उतरणाऱ्या प्रवाशांना ते माइकवरून मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले. आपला आवाज म्हणजे आपला पत्ता, हे त्यांना कळत नव्हते असे थोडेच आहे? कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे या परिचारिका रात्रपाळीला होत्या. त्यांनी वॉर्डातल्या 20 गर्भवती बायकांना लहानशा खोलीत हलवले, दिवे बंद केले, आणि त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा भिंतीच्या कडेकडेने तिला प्रसूतिगृहापर्यंत नेले. पुढे त्यांनी कसाबविरुद्ध साक्ष दिली. 2022 साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या बोलल्या. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे हातात लाठी घेऊन उभे होते आणि त्यांनी एके-47 ची नळी धरून ठेवली. साताऱ्याकडच्या केडंबे गावचा हा सहायक उपनिरीक्षक नळी सोडता तर कदाचित जगता. पण मग कसाब जिवंत हाती लागला नसता.

माझ्या धंद्यात सिस्टिम कोसळली की आम्ही दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टेमची मीटिंग घेतो. काय चुकले, कुठे चुकले, पुन्हा चुकू नये म्हणून काय करायचे. चांगली पद्धत आहे, मी तिच्या विरोधात नाही, आणि 26/11 च्या बाबतीतही ती तपासणी व्हायलाच हवी होती. पण वीस वर्षांत मी एकही मीटिंग अशी पाहिली नाही की जिथे विचारले गेले, जे कोसळले नाही ते कोणामुळे? रात्री तीन वाजता उठून कोणी डिस्क साफ केली म्हणून सकाळी काहीच घडले नाही? न घडलेल्या गोष्टीचा लॉग कुठेही राहत नाही. कतञ्ञू माणूस दुर्मीळ का, याचे एक साधे कारण मला इथे दिसते. उपकार दिसायला कठीण असतो, कारण तो यशस्वी झाला की मागे काहीच दिसत नाही.

आता अवघड भाग. आपल्या समाजात कृतज्ञतेवर बोलायचे तर जपून बोलावे लागते. कारण गावात आपल्या आजोबा-पणजोबांकडून याच शब्दाची वसुली होत आली. शिळी भाकर दिली, उपकार माना. मेलेले ढोर ओढायला बोलावले, उपकार माना. जोहार मायबाप म्हणा. आजही एखाद्या ऑफिसात आपल्या मुलाला कोणी सुनावते की आरक्षणामुळे इथवर आलास, देशाचे आभार मान. जो हक्क आहे त्याची परतफेड आभारांत मागणे ही जुनीच खोड आहे.

बाबासाहेबांनी ही मर्यादा संविधान स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी, 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात आखून दिली आहे. आपण ते भाषण विषमतेच्या आणि बंधुतेच्या संदर्भात नेहमी आठवतो. त्यात कृतज्ञतेबद्दलही एक जागा आहे, तिच्याकडे कमी लक्ष जाते. आयुष्यभर देशाची सेवा केलेल्या थोरांबद्दल कृतज्ञ असण्यात काही गैर नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा असतात, असे ते म्हणाले. त्यासाठी त्यांनी आयर्लंडचे देशभक्त डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला दिला, ज्याचा आशय असा की मान, शील आणि स्वातंत्र्य यांची किंमत मोजून कोणी कृतज्ञ राहू नये. राजकारणात भक्ती शिरली की ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्याच ओघात आला. म्हणजे उद्या ज्या दस्तऐवजाबद्दल अख्खा देश त्यांचे ऋण मानणार होता, त्याच्या आदल्या दिवशी ते सांगत होते की ऋण मानताना वाकू नका. त्यांनी ही गोष्ट स्वतःला वगळून सांगितली असेल असे मला वाटत नाही.

ही मर्यादा 26 नोव्हेंबरला कशी लागू होते ते सांगतो. आपल्यातल्या काहींना त्या दिवशी पोलिसांना वंदन करणे जड जाते, आणि ते मी समजू शकतो. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आपली 10 माणसे गेली. ती जखम ओंबळेंच्या फोटोला हार घातल्याने भरून येत नाही. पण भरून यावी अशी अट तरी कोणी घातली? कृतज्ञता कृत्याबद्दल असते आणि ते करणाऱ्या माणसाबद्दल असते. गणवेशाचे सगळे हिशेब तिने मिटत नाहीत, मिटवूही नयेत. ओंबळेंनी जे केले ते मी पूर्ण मनाने मानतो आणि रमाबाई नगराचा प्रश्न तितक्याच मोठ्याने विचारतो. दोन्ही एका मनात मावत नाहीत असे सांगणारा माणूस आपल्याकडून कृतज्ञता मागत नसतो. त्याला आपले गप्प राहणे हवे असते.

कतञ्ञूला जोडून कतवेदी का येते, तेही इथेच उलगडते. देविका रोटवान तेव्हा नऊ वर्षांची होती. सीएसटीवर तिच्या पायाला गोळी लागली. कुबड्या घेऊन ती न्यायालयात आली आणि तिने कसाबला ओळखले. मोठी झाल्यावर याच मुलीला घरासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. दर वर्षी मेणबत्त्या पेटवणारा देश जाणत होता, पण जाणल्याचे दाखवत नव्हता. याच्या उलट एक उदाहरण त्याच खटल्यात आहे. सगळ्या जगाने ज्याला कॅमेऱ्यावर पाहिले त्या आरोपीलाही वकील दिला गेला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याचे म्हणणे ऐकले गेले, आणि त्याच्याबरोबर आरोपी म्हणून उभ्या केलेल्या दोन भारतीयांना पुरावा पुरेसा नाही म्हणून सोडून देण्यात आले. देश संतापाने पेटलेला असताना हे झाले. संविधानाबद्दल कृतज्ञ असणे कशाला म्हणतात, तर याला. 26 नोव्हेंबरच्या सकाळी प्रास्ताविका वाचताना मला त्या दोघांचीही आठवण येते.

आणि कुटुंबाचे, मित्रांचे काय? मुळात टेबलाभोवतीचा प्रश्न तोच होता.

इथे सगळे जण म्हणतात, "आय अ‍ॅम थँकफुल फॉर माय फॅमिली." मुलेही शाळेत शिकून येतात आणि तेच म्हणतात. वाक्य गोड आहे, पण त्यात कृत नाही. कुटुंब असण्याबद्दल आभार मानणे हेही थोडे सुटकेच्याच जातीचे झाले. बाबासाहेबांनी "थॉट्स ऑन पाकिस्तान" हा ग्रंथ रमाईंना अर्पण केला तेव्हा रमाई जाऊन पाच वर्षे झाली होती. ती अर्पणपत्रिका काढून पाहा. नुसते "पत्नीस" लिहून ते थांबलेले नाहीत. मनाचा चांगुलपणा, धीर, मित्र नसलेल्या आणि चणचणीच्या दिवसांत सोबत सोसण्याची तयारी, असे एकेक नेमके मोजले आहे. जगातल्या मोठ्या राजकीय प्रश्नावरचे पुस्तक, आणि त्याच्या पहिल्या पानावर घरातल्या बाईने काय केले त्याची नोंद. ती स्वतः ते वाचू शकली नाही, ही गोष्ट मला दर वेळी अस्वस्थ करते.

म्हणून आमच्या घरी मी दोन वर्षांपासून एक नियम केला आहे. नाव घ्यायचे आणि काम सांगायचे. धाकटी म्हणाली, "आजीने व्हिडिओ कॉलवर मला सगळे पाढे तिसऱ्यांदा म्हणून घेतले, आणि तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते." थोरला बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "शेजारच्या काकांनी मला गाडी शिकवली आणि बाबांना त्या ओरखड्याचं सांगितलं नाही." ओरखड्याचे मला तेव्हाच कळले. मी स्वतः ज्या मित्राचे नाव घेतले, त्याने मी इथे नवा असताना मला त्याच्या हॉलमध्ये चार महिने झोपायला जागा दिली होती आणि भाड्याचा विषय एकदाही काढला नव्हता. त्याला हे मी कधी तोंडावर सांगितले नव्हते, म्हणून त्याच रात्री फोन केला. तो संकोचून म्हणाला, "सोड रे, जय भीम कर आणि ठेव."

सिगालोवाद सुत्तात सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या तरुणाला भगवंत समजावतात की दिशा म्हणजे माणसे. पूर्वेला आईवडील, दक्षिणेला गुरू, पश्चिमेला पत्नी आणि मुले, उत्तरेला मित्र, वर श्रमण. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर यातल्या बहुतेक दिशा आपोआप येतात. खालची दिशा राहते. ती आहे आपल्यासाठी राबणाऱ्यांची. त्यांना झेपेल एवढेच काम द्यावे, वेतन द्यावे, आजारपणात बघावे, वेळेवर सुट्टी द्यावी, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. 26/11 च्या रात्री मुंबईत कामावर असलेले बहुतेक लोक याच दिशेचे होते: परिचारिका, घोषणा करणारा, हवालदार, हॉटेलचे वेटर.

थँक्सगिव्हिंगच्या चार दिवसांत आमच्या कंपनीच्या सिस्टिम्स पुण्यातली टीम सांभाळते. इथे आपण दुपारी जेवायला बसतो तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. शिफ्टच्या यादीत फक्त टीमचे नाव असते, माणसाचे नसते. यंदा मी ते विचारून घेतले. गुरुवारी रात्री जिची पाळी आहे तिची मुलगी अडीच वर्षांची आहे आणि तिला कॅबने घरी पोचायला पहाटेचे साडेपाच होतात. शुक्रवारची तिची सुट्टी आता मंजूर झाली आहे, आणि त्या रात्रीचा पहिला अलार्म तिच्याऐवजी माझ्या फोनवर वाजेल अशी सोय करून ठेवली आहे. जेवताना मी मधेच उठलो तर यजमानांनी राग मानू नये.